कमानीचा सोस

सपाट तळपाय हा दोष आहे आणि दोषाला आधार द्यायचा असतो, या समजुतीवर माझ्या फिजिओथेरपीची बरीच वर्षं गेली. साताऱ्यात माझं छोटं क्लिनिक आहे. आलेल्या माणसाला मी काचेच्या पेटीवर उभं करायची, खालच्या आरशात तळव्याचा ठसा बघायची आणि आतल्या बाजूला मोकळी जागा दिसली नाही, की इन्सोलसाठी माप घ्यायची. छत खचलं की टेकू लावतात, तसा तो विचार होता. समजायला सोपा आणि रुग्णाला लगेच पटणारा. आज तो मी मानत नाही. पण त्याच्या जागी जो विचार मी मोठ्या उत्साहाने आणून बसवला, तोही आता पूर्ण मानत नाही. मत दोनदा बदललं, आणि दुसरा बदल पहिल्यापेक्षा जड गेला.

पहिलं मत काही आळसातून आलेलं नव्हतं. त्यामागे चांगलं विज्ञान होतं. १९५४ साली हिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की पायाचा अंगठा वर उचलला की तळव्याखालचा जाड पट्टा ताणला जातो आणि कमान आपोआप वर येते. त्यात स्नायूंना काहीच करावं लागत नाही. १९६३ साली बस्माजियन आणि स्टेको यांनी पायाच्या स्नायूंमध्ये सुया घालून त्यांचे विद्युत संकेत मोजले. पावलावर चांगला भार टाकला तरी स्नायू शांतच होते. भार चारशे पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८० किलोंच्या घरात गेला तेव्हा कुठे ते जागे झाले. कमान तोलून धरतात ती हाडं आणि लिगामेंट, असा निष्कर्ष निघाला आणि आमच्या पिढीपर्यंत तो पाठ्यपुस्तकातून पोचला. लिगामेंट व्यायामाने घट्ट होत नाहीत. मग सैल पडलेल्या पावलाला बाहेरून आधार देण्यावाचून काय उरतं? तो प्रयोग एका जागी ठेवलेल्या पावलावर झाला होता, आणि माझे रुग्ण चालत येत होते, हा फरक माझ्या फारसा लक्षात आला नाही.

शिवाय माझे स्वतःचेच पाय फताडे. लहानपणी मला आतल्या बाजूने टाच वाढवलेले जड तपकिरी बूट होते. ते घालून कमान आली नाही; पण मुलीवर उपचार चालू आहेत, याचं घरात समाधान होतं. हे समाधान किती मोलाचं असतं ते पुढे मी क्लिनिकमध्ये रोज बघितलं. इन्सोल हातात घेऊन जाणारा माणूस काहीतरी मिळाल्याच्या भावनेने जातो. आणि लपवण्यात अर्थ नाही, इन्सोलमागे मलाही बरे पैसे सुटत. व्यायाम नीट शिकवायला पाऊण तास जातो आणि पिशवीत घालून न्यायला काही नसतं.

या मताला पहिला तडा गेला तो एका प्राथमिक शिक्षिकेमुळे. वर्गात उभं राहून त्यांचा पाय घोट्याच्या आतल्या बाजूला दुखायचा. इन्सोलने दुखणं थांबलं, त्या खूश झाल्या. पण पुढे त्या सांगू लागल्या, की शाळेत ठीक असतं, घरी आल्यावर मात्र ओट्याशी उभं राहवत नाही. देवळात प्रदक्षिणा नको वाटते, हळदीकुंकवाला गेलं तरी बसायला खुर्ची शोधावी लागते. मी त्यांना घरात घालायची वेगळी सँडल सुचवली. त्या म्हणाल्या, "मॅडम, स्वयंपाकघरात मी चपला घालत नाही." माझा सगळा उपचार त्या बुटात होता आणि बूट दाराबाहेर होते. पाश्चात्त्य पुस्तकातला माणूस सकाळी बूट चढवतो तो रात्रीच काढतो, असं धरूनच ही सगळी व्यवस्था बेतलेली आहे. आपल्याकडे निम्मा दिवस अनवाणी जातो. त्या निम्म्या दिवसासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग मी वाचायला बसले, आणि जे सापडलं ते नवं नव्हतं याची लाज वाटली. १९८९ साली अमेरिकेत वेंगर आणि सहकाऱ्यांनी लवचीक सपाट पाय असलेल्या लहान मुलांचे गट केले होते. काहींना खास बूट, काहींना टाचेचे कप, काहींना मापाचे इन्सोल आणि काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी सगळ्याच गटांतल्या मुलांची कमान वाढलेली होती, काहीच न दिलेल्या मुलांचीसुद्धा. तान्ह्या मुलाचा तळवा मुळात चरबीने भरलेला असतो आणि पहिल्या दहाएक वर्षांत कमान आपसूक घडत जाते. माझ्या तपकिरी बुटांना जे श्रेय मिळालं असतं, ते खरं म्हणजे वयाचं असतं.

दुसरा अभ्यास तर अगदी शेजारचा. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत ते अधिक, चपला-सँडलवाल्यांत कमी. बुटांनीच पाय सपाट होतात, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण मोकळं पाऊल स्वतःला घडवत असावं आणि बांधलेलं पाऊल ती संधी गमावत असावं, ही शंका त्यातून नक्की येते. ज्यांच्या आजोबांनी आयुष्य अनवाणी काढलं, ते आईबाप पहिल्याच पगारात मुलाला कमानीवाले बूट घेऊन देत होते आणि मी मान डोलावत होते.

तिथून मी स्नायूंकडे वळले. तळव्यात छोट्या स्नायूंचे चार थर असतात. त्यातला एक टाचेच्या आतल्या बाजूपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत, बरोबर कमानीच्या कडेने जातो. पोटरीतून निघणारा एक लांब स्नायू घोट्याच्या आतल्या हाडामागून वळून तळव्यात शिरतो आणि पाऊल आत कोसळू देत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात ल्यूक केली आणि सहकाऱ्यांनी भार टाकलेल्या पावलातल्या या छोट्या स्नायूंना विजेने चेतवलं, तेव्हा खाली गेलेली कमान पुन्हा वर आली. २०१५ साली मॅकिऑन आणि इतरांनी पोटाच्या 'कोअर'सारखा 'फूट कोअर' हा विचार मांडला. मला वाटलं, हेच ते! आपण चुकीच्या बाजूने आधार देत होतो. आधार आतूनच द्यायचा असतो.

व्यायाम आधी स्वतःवर करून बघितले. त्यातला मुख्य 'शॉर्ट फूट'. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर ठेवायचं आणि अंगठ्यामागचा उंचवटा टाचेच्या दिशेने ओढायचा, पाऊल आखूड करायचं. बोटं मुडपायची नाहीत. ती मुडपली की काम पोटरीतले लांब स्नायू करतात आणि तळव्यातले तसेच झोपून राहतात. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझा उजवा पाय थोडा हलला आणि डाव्याला मी काय म्हणते तेच कळेना. मी डाव्या तळव्याकडे एकटक बघत होते आणि आखडत होता जबडा. चारदोन दिवसांनी तळव्यात असा गोळा आला की खुर्चीवरून उठून नाचावं लागलं. तोपर्यंत पायाच्या त्या भागात स्नायू आहेत याचा अनुभव मला नव्हता. पुस्तकात फक्त त्यांची नावं पाठ होती.

दुसरा व्यायाम बोटांचा: चार बोटं खाली ठेवून अंगठा एकटा उचलायचा, मग अंगठा खाली दाबून चार बोटं उचलायची. जमत नसेल तर हाताने अंगठा धरून पायाला रस्ता दाखवायचा. तिसरा टाचा उचलण्याचा, आणि तो मी आज सगळ्यांत महत्त्वाचा मानते. दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरून चवड्यावर चढायचं आणि उतरताना सावकाश उतरायचं. चेंडूमुळे टाचा आत वळतात आणि घोट्यामागचा तो लांब स्नायू कामाला लागतो. हे जमलं की एका पायावर. शिवाय पोटरी ताणणं सोडून चालत नाही. पोटरी आखडलेली असली की घोटा पुढे वाकत नाही आणि ती कसर पाऊल मधूनच खचून भरून काढतं. १९४७ साली कॅनडाच्या सैनिकांच्या पायांची पाहणी करणाऱ्या हॅरिस आणि बीथ यांनी हाच फरक सांगितला होता: नुसता लवचीक सपाट पाय फारसा त्रास देत नाही, त्याच्या जोडीला टाचेमागची शीर आखूड असेल तर तो पाय माणसाला बसवतो.

शिक्षिकाबाईंना मी हे सगळं शिकवलं. काही महिन्यांत त्या ओट्याशी उभ्या राहू लागल्या. साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉनमुळे यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळणारे पुष्कळ. त्यांच्या पोटऱ्या-नडग्यांची दुखणी माझ्याकडे येत, त्यांनाही हेच. २०२० साली ब्राझीलमधल्या ११८ हौशी धावपटूंवरचा अभ्यास आला: आठ आठवडे पावलांचा व्यायाम शिकवलेल्यांच्या तुलनेत न शिकवलेल्यांना वर्षभरात दुखापत होण्याची शक्यता २.४२ पट निघाली. मी तो क्लिनिकच्या भिंतीवर लावला. इन्सोलचे नमुने कपाटात गेले. माझ्या बोलण्यात नवी खात्री आली आणि तिथेच मी घसरले.

जावळी तालुक्यातला एक मुलगा भरतीची तयारी करत होता. आपल्या जिल्ह्यात भरती म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं घराघरांतली असतात. मैदान मारून मेडिकलला गेल्यावर त्याला 'फ्लॅट फूट' म्हणून बाहेर काढलं होतं. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, कमान येईल ना?" मी म्हटलं, "नेमाने केलंस तर येईल." शाईने ठसा घेतला, तारीख टाकली.

त्याने नेमाने केलं. मी सांगितलं त्याहून जास्त केलं. त्याची नडगी दुखायची थांबली. सुरुवातीला एका पायावर टाच उचलताना तो मोजक्याच वेळा जाऊन थरथरायचा, पुढे पुढे मी मोजणं सोडून द्यावं इतकं सहज करू लागला. पळण्याची वेळ सुधारली. काही महिन्यांनी दुसरा ठसा घेतला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. फरक शोधावा लागत होता. त्याने दोन्ही कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरले आणि विचारलं, "मॅडम, ह्यात नवा कुठला?"

खरं तर मला हे आधी माहीत असायला हवं होतं. मलिगन आणि कुक यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात चार आठवड्यांच्या शॉर्ट फूटच्या सरावानंतर पावलाच्या मधल्या हाडाचं खाली बसणं सरासरी दोनएक मिलिमीटरने कमी झालं होतं. दोन मिलिमीटर ही बदलाची खूण आहे, पण ओल्या पायाच्या ठशात ती दिसत नाही. मी तो आकडा वाचला होता आणि 'कमान सुधारते' एवढंच लक्षात ठेवलं होतं. पुढच्या भरतीत त्याचं जमलं नाही. कारण पाय होते की आणखी काही, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला जे बोचलं ते वेगळंच होतं. तो मुलगा आधीपेक्षा कितीतरी समर्थ पायांवर उभा होता आणि तरी हरल्यासारखा कागद बघत होता, कारण यश म्हणजे कागदावरची ती रिकामी जागा, हे त्याला मीच शिकवलं होतं. इन्सोल देताना मी आकार विकत होते. व्यायाम देतानाही आकारच विकला.

इथे मत दुसऱ्यांदा बदललं. पहिल्या वेळी उपाय बदलला होता. आता आजारच तपासावा लागला. सपाट पाय म्हणजे दुबळा पाय, हे मी कशावरून धरलं होतं? १९९३ साली अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत सपाट पायांच्या गटाला दुखापती सर्वांत कमी झाल्या होत्या. उंच कमानीचेच जास्त दुखावले. २०१४ साली डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. पाऊल आत झुकणाऱ्यांना, दुकानदार ज्याला 'ओव्हरप्रोनेशन' म्हणून घाबरवतात त्यांना, जास्त दुखापती झाल्या नाहीत. पाऊल टेकताना थोडं आत झुकतं, ते धक्का झेलायला. त्यात रोग नाही.

स्नायूंबद्दलचं माझं गणितही २०१९ साली अर्धं कोलमडलं. फॅरिस आणि केली यांनी, म्हणजे विजेचा प्रयोग करणाऱ्या त्याच केलींनी, तळव्याच्या छोट्या स्नायूंची नस बधिर करून माणसांना चालवलं, पळवलं. स्नायू बंद असूनही कमान फारशी जास्त खचली नाही. बिघडलं ते पुढचं: चवड्यावरून जमीन मागे रेटण्याची ताकद कमी झाली. म्हणजे हे स्नायू कमानीखाली खांब होऊन उभे नसतात. त्यांचं मोठं काम पाऊल उचलताना असतं. २०२० साली मधुसूदन वेंकडेसन आणि सहकाऱ्यांनी तर पावलाच्या ताठपणाचा चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा आडव्या कमानीचा, पावलाच्या मध्यभागी रुंदीत असलेल्या वळणाचा असल्याचं दाखवलं. आम्ही पिढ्यानपिढ्या ज्या एका वळणाकडे डोळे लावून बसलो होतो, ते पावलातलं एकमेव वळणही नव्हतं.

गंमत अशी, की हा शहाणपणा नियमांत आधीपासून होता. भारतीय वायुसेनेच्या वैद्यकीय निकषांत सपाट पाय सरसकट बाद नाहीत. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर उड्या मारू आणि पळू शकत असेल, पाय लवचीक आणि वेदनारहित असतील, तर तो चालतो. ताठ, वेदनामय, चवड्यावर तोल न सांभाळणारा पाय चालत नाही. हे निकष पाऊल कसं दिसतं यापेक्षा ते काय करू शकतं हे विचारतात. मी उलट क्रमाने विचारत आले होते.

आता काचेची पेटी मी शेवटी वापरते, कधी वापरतही नाही. आधी दुखतं कुठे ते विचारते. मग भिंतीला बोटं टेकवून चवड्यावर उभं राहायला सांगते आणि मागून बघते: कमान येते का, टाच आत वळते का. मग एका पायावर टाच किती वेळा उचलता येते. धडधाकट प्रौढाकडून साधारण पंचविसाची अपेक्षा असते, आणि घाटात पळणारेसुद्धा बाराव्याला हात टेकतात. तिथून व्यायाम सुरू होतो आणि प्रगतीही तिथेच मोजली जाते. भरतीच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, "कमानीची हमी नाही. पाय चालता होईल, दुखणं जाईल, चवड्यावर घट्ट उभा राहशील. एवढ्यासाठी करणार असशील तर बस." काही उठून जातात. जाऊ देते.

इन्सोलही कपाटातून बाहेर आलेत, कारण त्यांना कपाटात टाकणं हाही एक हट्टच होता. घोट्यामागचा स्नायूबंध सुजला असेल तर आधी भार उतरवावा लागतो. त्या दुखण्यावरच्या २००९ सालच्या एका अभ्यासात इन्सोल आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम दोन्ही घेतलेल्यांना सर्वांत जास्त गुण आला. काही पाय माझ्या खोलीतून लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. चवड्यावर चढूनही कमान न येणारा ताठ पाय त्यातला; किशोरवयात असा पाय दुखू लागला तर दोन हाडं जोडली गेलेली असू शकतात. पन्नाशीनंतर एकच पाऊल नव्याने सपाट होत असेल आणि त्या पायाची टाच उचलत नसेल, तर तो स्नायूबंध निकामी होत चाललेला असतो. आणि मधुमेहाने तळव्याची जाणीव गेलेल्यांना अनवाणी चालण्याचा सल्ला मी कधीच देत नाही, मग ती नवसाची पदयात्रा का असेना. असं पाऊल अचानक गरम होऊन सुजलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सगळ्यांत कठीण जातात ते चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले आईबाप. मूल चवड्यावर उभं राहतं, कमान दिसते, काही दुखत नाही. मी म्हणते, काही करू नका. "काहीच नाही?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला ओळखीचं आहे, माझ्या आईच्या चेहऱ्यावरचं समाधान त्या बुटांतूनच आलं होतं. मग मी म्हणते, मातीत खेळू द्या, चढू-उतरू द्या, घरात मोजेसुद्धा नकोत. त्यातले काही पुढच्या आठवड्यात दुसरीकडून इन्सोल घेतातच. तक्रार नाही. मूल पुन्हा माझ्याकडे आलं तर ते इन्सोल मी काढायला लावत नाही. फक्त एवढं सांगते, की घरात शिरताना बूट दाराबाहेर काढायचा आपला रिवाज मोडू नका. कमान वयाप्रमाणे येईल तेवढी येईल, आणि पायाला शिकायचं ते पाय दाराच्या आत शिकेल.